कापणीला कोण होतं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गावी दादाला फोन केला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. घर, खाचरं, गुरं सगळं तोच बघतो. इथे आयर्लंडात, गॉलवेत संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे तिकडे साडेनऊ. त्याच्या आवाजामागे पाऊस ऐकू येत होता, पागोळ्यांखाली ठेवलेल्या घमेल्याचा टपटप आवाजही. डिसेंबरात येतेय, माझ्यासाठी दहा किलो उकडे तांदूळ बाजूला ठेव, एवढंच सांगायचं होतं. तो हो म्हणाला. मग थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ठेवतो की. लावणीला कोण नाय येत, तांदूळ न्यायला सगळे येतात." आवाजात राग नव्हता. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या माणसाचा आवाज होता तो, नुसता दमलेला. लगेच त्यानं विषय बदलला, मुलाची शाळा, काकूचा गुडघा, टिलरचं डिझेल. मी फोन ठेवला.

ते वाक्य मात्र खाली ठेवता येईना.

ओट्याखालच्या डब्यात गेल्या वर्षीचे दोन वाट्या तांदूळ उरले होते. रात्री डबा उघडला. उकड्या तांदळाला एक वास असतो, थोडा धुराचा, थोडा ओल्या कोंड्याचा. डब्याला किती दिवस झाकण लावून ठेवलं तरी तो जात नाही. दाणा जाड, अंगावर लालसर रेघ. मधेच एखादं न सडलेलं भात हाताला लागतं, टोकदार, टरफलासकट. ते मी नेहमी निवडून टाकते. त्या रात्री एक असं भात बराच वेळ बोटांत फिरवत बसले. लहानपणी दिवाळीनंतर मुंबईला एसटीच्या टपावरून पोतं यायचं. सुतळीनं शिवलेलं, वर आजोबांनी तेलकट काळ्या शाईनं लिहिलेलं बाबांचं नाव. आई सुतळी न कापता उसवायची आणि गुंडाळून ठेवायची. आमच्या घरात त्या पोत्याला एक मान होता. पण त्या पोत्यातला तरवा कुणी उपटला, मुठी कुणी बांधल्या, इरल्याखाली कुणाची पाठ भरून आली, हे विचारल्याचं मला आठवत नाही. बाबा दर महिन्याला मनिऑर्डर करायचे. तांदूळ आपला वाटा आहे, असंच आम्ही धरून चाललो होतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इनिशबोफिन बेटावर गेले ते या सगळ्याशी काही संबंध जोडून नव्हे. क्लेगनच्या धक्क्यावरून अर्ध्या तासाची बोट, एक दिवस मोकळा मिळाला होता, एवढंच. बंदरात शिरताना उजव्या हाताला इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या माणसांनी बांधलेला किल्ला लागतो. सगळे त्याचेच फोटो काढतात. मी पूर्वेकडच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना फ्युशियाची झुडपं, लाल झुमक्यांनी वाकलेली, आणि पलीकडे दगडी गडग्यांची वावरं. गडगा हाच शब्द तोंडात आला, कारण तसेच ते रचलेले आहेत, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. उतरतीच्या उन्हात गवताखालचे जुने बटाट्याचे वरंबे वर उठून दिसत होते. तिथे आता कुणी काही पेरत नाही, मेंढ्या चरतात, पण जमीन विसरलेली नाही. तळ्याजवळ एक दफनभूमी आहे आणि तिच्यात छप्पर नसलेलं चर्च. भिंती नंतरच्या काळातल्या आहेत. जागा मात्र त्याहून खूप जुनी. इथे सातव्या शतकात कोलमान नावाच्या एका बिशपनं मठ उभारला होता.

कोलमानची गोष्ट मला आधी अर्धीच माहीत होती, आणि अर्धीच बहुतेकांना माहीत असते. ती व्हिट्बीची. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रियाचं राज्य, किनाऱ्याजवळ लिंडिस्फार्न नावाचं भरती-ओहोटीचं बेट. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरून आलेल्या एडन नावाच्या आयरिश भिक्षूनं 635 साली तिथे मठ घातला आणि तिथून सगळ्या राज्यात धर्म नेला. एडन 17 वर्षं, मग फिनान 10 वर्षं, मग कोलमान. तो तिथे जेमतेम 3 वर्षं बिशप होता. 664 साली ऑस्वी राजानं व्हिट्बीच्या मठात सभा बोलावली. मठाची प्रमुख होती हिल्डा. प्रश्न होता, ईस्टर कधी धरायचा. आयरिश भिक्षू चंद्राच्या चौदाव्या ते विसाव्या तिथीत येणारा रविवार धरत, रोमची रीत मानणारे पंधराव्या ते एकविसाव्या. बाहेरच्याला वाटेल, एका तिथीनं काय बिघडतं? पण चौदाव्या तिथीलाच रविवार आला की दोन सण एका आठवड्यानं लांबतात. आणि हे भांडण राजाच्या घरातच होतं. त्याची राणी एनफ्लॅड केंटकडची, रोमची रीत घेऊन आलेली. राजा उपास सोडून ईस्टरच्या जेवणाला बसलेला आणि राणीचा अजून उपासच चाललेला, असं त्या घरात घडत असे.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. माझ्या आजोळी टिळक पंचांग आणि आमच्या घरी दाते. अधिक महिना कुठला धरायचा यावरून एका वर्षी आजोळचे गणपती आमच्या महिनाभर आधी बसले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. दोनदा मोदक मिळाल्याचा आनंद मला आठवतो, आणि आजोळहून परत आल्यावर आईचा गप्प चेहराही आठवतो. तिचे गणपती होऊन गेले होते आणि घरच्यांसाठी तिला पुन्हा तितक्याच उत्साहानं उकडीला हात घालायचा होता. चूक कुणाचीच नव्हती, दोन्हीकडे गणित होतं, दोन्हीकडे श्रद्धा होती. तरी तिच्यासाठी एक सण खरा आणि एक दुसऱ्यांचा, असं झालंच असणार. एनफ्लॅडबद्दल वाचताना मला दर वेळी आईचे ते पिठाचे हात दिसतात.

सभेत कोलमान म्हणाला की ही रीत मला माझ्या वडीलधाऱ्यांनी दिली, त्यांनीच मला इथे पाठवलं, आणि ते देवाची माणसं होती. समोर विल्फ्रिड होता, तरुण, रोमला जाऊन आलेला, बोलण्यात तयार. त्यानं येशूचा शिष्य पेत्र याचं नाव काढलं. स्वर्गाच्या किल्ल्या पेत्राच्या हाती. राजानं कोलमानला विचारलं, हे खरं का? कोलमान म्हणाला, खरं. मग राजानं विचारलं, तुमच्या कोलुंबाला, आयोनाचा मठ घालणाऱ्याला, असा काही अधिकार दिलेला दाखवता येईल का? कोलमान म्हणाला, नाही. राजा हसला आणि म्हणाला की मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या विरोधात मी जात नाही. निकाल लागला. मला या प्रसंगात कोलमानचं ते 'नाही' फार मोठं वाटतं. सगळं दान पलटणार हे कळत असताना त्यानं आडवळणाचं एकही उत्तर दिलं नाही.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथे संपते. रोम जिंकलं, आयरिश हरले.

पण मला रेंगाळायचं आहे ते पुढच्या भागाशी. हरल्यावर कोलमाननं काय केलं? रीत बदलायला त्याची तयारी नव्हती, म्हणून तो पदावरून उठला. त्याच्याबरोबर सगळे आयरिश भिक्षू निघाले, आणि साधारण 30 इंग्रज. हे 30 जण कुठेही फारसे चर्चेत येत नाहीत. स्वतःची भाषा, स्वतःचा मुलूख सोडून, हरलेल्या परक्या गुरूमागे चालत निघालेली माणसं. निघण्याआधी कोलमाननं राजाला एक विनंती केली, की मागे राहणाऱ्यांवर एटाला प्रमुख नेमा. एटा म्हणजे एडननं लहानपणी शिकायला घेतलेल्या बारा इंग्रज मुलांपैकी एक. मागे राहणारे विरोधी रीत पाळणार हे ठाऊक असतानाही त्यांच्यावर मायेचा माणूस असावा, हे त्यानं पाहिलं. आणि एडनच्या अस्थी. त्यातल्या काही त्यानं बरोबर घेतल्या आणि काही लिंडिस्फार्नच्या चर्चमध्येच ठेवल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. गुरूची हाडं मोजून, हातात धरून, ही आपली, ही त्यांची, असं करणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? सगळ्याच नेल्या असत्या तर कोण अडवणार होतं? सगळ्या सोडून जाणंही त्याला जमलं नाही. त्यानं वाटणी केली, आणि मागे राहणाऱ्यांना रिकामं ठेवलं नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते बीड नावाच्या इंग्रज भिक्षूमुळे. त्यानं 731 साली आपला इतिहास पुरा केला. ईस्टरच्या बाबतीत तो पक्का रोमच्या बाजूचा. तरी कोलमान आणि त्याच्या आधीच्यांच्या राहणीबद्दल लिहिताना त्याची लेखणी मऊ होते. ते निघून गेले तेव्हा लिंडिस्फार्नला चर्च सोडलं तर अगदी मोजकी घरं होती, तो सांगतो. पैसा नव्हताच, फक्त गुरं होती. श्रीमंतांनी काही दिलं तर ते गरिबांना देऊन टाकत. राजा आला तर पाच-सहा माणसं घेऊन यायचा, प्रार्थना करायचा, आणि जेवलाच तर भिक्षूंचं रोजचं साधं जेवण जेवायचा. ज्याच्याशी मत जुळत नाही त्याच्या घराचा इतका स्वच्छ हिशेब मांडणारा बीड मला त्या पानांवर फार आवडतो.

कोलमान आधी आयोनाला गेला, आणि 668 साली या बेटावर आला. बेटाच्या नावाचा अर्थही बीडनंच देऊन ठेवलाय, पांढऱ्या कालवडीचं बेट. इथे आयरिश आणि इंग्रज एका मठात राहू लागले. व्हिट्बीला ज्यांच्यात फूट पडली नाही, तिथून जे एकत्र निघाले, समुद्र ओलांडून एकत्र आले, त्यांचं इथे भांडण झालं. कशावरून? तिथीवरून नाही. कापणीवरून. उन्हाळ्यात, पीक गोळा करायच्या दिवसांत, आयरिश भिक्षू मठ सोडून आपल्या ओळखीच्या गावांतून हिंडायला जात. आणि हिवाळ्यात परत आले की इंग्रजांनी साठवलेल्या धान्यात सामाईक वाटा मागत.

त्या भिंतीच्या सावलीत उभी राहून मी हे आठवत होते आणि कानात दादाचा आवाज होता. लावणीला कोण नाय येत. तेराशे वर्षांपूर्वी, अटलांटिकच्या काठावर, कुठल्या तरी इंग्रज भिक्षूनं आपल्या भाषेत हेच म्हटलं असणार. जव झोडून झोडून खांदे धरलेले, हिवाळ्याचा पाऊस सुरू झालेला, आणि दारात खुशालचेहऱ्याची माणसं उभी, वाटेवरच्या गोष्टी घेऊन आलेली, भुकेली. त्यालाही राग आला नसेल कदाचित. तोही नुसता दमलेला असेल.

पण मग माझ्या मनातली दुसरी बाजू उठते. ही हकिकत इंग्रजानं लिहिली आहे. हिंडायला गेलेल्यांना कुणी विचारलं नाही. आयरिश लोक मुळात गुरांचे. उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जायचं आणि थंडीच्या तोंडाशी खाली यायचं, ही त्यांची जुनी चाल. बेटाच्या नावातच कालवड आहे. आणि भिक्षूनं घर सोडून फिरत राहावं, वाट हीच तपश्चर्या, असं मानणारी परंपरा त्यांच्यातच वाढलेली. त्यांच्या दृष्टीनं ते काम चुकवत नसतीलच. ते आपल्या माणसांत जात असतील, कुणाच्या अंत्यविधीला, कुणाच्या बाळाला आशीर्वाद द्यायला, आणि बेटाचं नाव मुख्य भूमीवर जिवंत ठेवत असतील. इंग्रजांना तिथे कुणाकडे जायचं होतं? त्यांचं ओळखीचं गावच नव्हतं. त्यांना मागे राहून कापणी करण्यावाचून दुसरा उन्हाळा नव्हता.

बाबांची मनिऑर्डर मला इथे आठवते. ती होतीच. आजोबांच्या औषधांना, कौलं परतायला, दादाच्या बारावीला मुंबईहून पैसे गेले आहेत. मी ते पैसे दादासमोर मांडू शकते. सातबारावर माझंही नाव आहे, हेही म्हणू शकते. आणि हे सगळं खरं असूनही जुलैच्या पावसात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसापुढे ते बोलायला तोंड उघडत नाही. पैसा वाट्याचा असतो, पाठ वाट्याची नसते. दादानं माझ्याकडे कधी पैसे मागितलेले नाहीत. त्या दिवशीही मागितले नव्हते.

कोलमाननं काय केलं? बीडच्या हकिकतीत तो कुणालाच दोष देताना दिसत नाही. आयरिशांना त्यानं कोयता हातात धरायला लावलं नाही, इंग्रजांना सोसा म्हणाला नाही. तो उठला आणि बोटीनं मुख्य भूमीवर गेला. जवळ, लांब, बरीच भटकंती केली. शेवटी त्याला एक जागा सापडली, यू नावाच्या सदाहरित झाडांचं मैदान, मेयो. जागेचा एक छोटा तुकडा त्यानं तिथल्या सरदाराकडून विकत घेतला. व्यवहारात एक अट होती, इथे राहणाऱ्या भिक्षूंनी या सरदारासाठीही प्रार्थना करावी. मग सरदारानं आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी हात लावून मठ उभा केला. इंग्रज तिकडे गेले, आयरिश बेटावर राहिले. आपल्याकडे याला वेगळी चूल मांडणं म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली जातो. चूल वेगळी झाली म्हणजे घर मोडलं, असंच आपण ऐकत मोठे होतो. आमच्या घरातही आजोबा गेल्यावर एकदा तो शब्द निघाला होता, आणि काकूनं पदर तोंडाला लावला होता.

पण ही चूल मांडणाऱ्याचं वय काय, दशा काय, ते पाहा. एका राज्याचा बिशप होता, तो गेला. आयुष्यभर मानलेली रीत सभेत हरली. बरोबर आले तेही आता एका पंगतीला बसेनात. इतकं झाल्यावर एखादा म्हणाला असता, करा तुमचं तुम्ही. हा जागा शोधत पायपीट करत होता, आणि तीही त्या परक्यांसाठी, जे त्याच्या शब्दावर घर सोडून आले होते. लिंडिस्फार्नला अस्थी वाटल्या तसंच इथे त्यानं माणसं वाटली, दोन्हीकडे काहीतरी उरेल अशी. वारला तो 676 च्या सुमारास, म्हणजे एवढं करून त्याच्या हाती फार वर्षं उरली नव्हती.

मेयोचा मठ मात्र वाढला. बीडच्या काळापर्यंत तिथे इंग्लंडहून माणसं येत होती, आपल्या हातांच्या कष्टांवर जगत होती. आयरिश लोक त्या जागेला सॅक्सनांचं मेयो म्हणू लागले. पुढे तिथे धर्मप्रांत झाला, आणि नाव पसरत पसरत आख्ख्या परगण्याला लागलं. गॉलवेच्या रस्त्यांवर मेयोच्या गाड्या रोज दिसतात, नंबरप्लेटवर वर लहान अक्षरांत त्या मैदानाचं आयरिश नाव असतं. धान्याच्या वाट्यावरून झालेल्या एका भांडणाचा तो पत्ता आहे, हे आता सिग्नलला थांबले की आठवतंच.

परतीच्या बोटीत वारा फार होता. एक म्हातारा बेटकरी माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर बटाट्यांची पिशवी. मुलीकडे चाललोय म्हणाला. मातीचे बटाटे, न धुतलेले, पिशवीतून माती त्याच्या पँटवर सांडत होती आणि तो ती झटकत नव्हता. मी विचारलं, घरचे का? तर त्यानं एक काढून हातातच दिला. थंडगार, जड. किनारा येईपर्यंत मी तो तसाच धरून बसले होते.

घरी येऊन दादाला फोन लावला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. म्हटलं, कापणी कधी आहे?

"का गं?"

"सांग ना."

"पाऊस काय म्हणतो त्यावर. हळवं भात दसऱ्याच्या आसपास पडेल. गरवं दिवाळीला." मग तो थांबला. मागे कुणीतरी भांडी घासत होतं. "तू डिसेंबरात येणार ना?"

मी म्हटलं, बघतेय, ऑक्टोबरात रजा मिळते का. तो पुन्हा गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

"विळा धरता येतो तुला?"

"नाही."

"मग भारे उचल," दादा म्हणाला.